मानसिक आघातानंतर बदललेले माणूस: घरच्यांनी काय समजून घ्यावे आणि काय करावे

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपी गेले होते, आणि दगडमातीच्या जाड भिंतींची, जड माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवरच कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे त्यात दगावली. पुढे गावांचे पुनर्वसन झाले, पक्की घरे उभी राहिली. पण वाचलेल्यांपैकी अनेकांच्या मनात छताखाली झोपण्याची धास्ती दीर्घकाळ राहिली. अशा आपत्तीनंतरचे पहिले काही महिने घरातले सगळेच एकमेकांना सांभाळून घेतात. वर्षभरानंतर मात्र रात्री दचकून उठणारा, भांडे पडले तरी मुलांवर खेकसणारा, सणासमारंभाला जायचे टाळणारा माणूस घरच्यांना खटकू लागतो आणि ‘याचा स्वभावच असा झालाय’ असे म्हटले जाते.

मानसिक आघात झालेल्या माणसाचे सर्वात मोठे नुकसान इथे होते, असे माझे ठाम मत आहे. आघाताची लक्षणे स्वभावदोष म्हणून पाहिली गेली की उपचार लांबतात, आणि ज्या नात्यांच्या आधाराने माणूस सावरायचा ती नातीच रोजच्या कुरबुरींत झिजत जातात. म्हणून हे मार्गदर्शन रुग्णाइतकेच त्याच्यासोबत एका घरात राहणाऱ्यांसाठी आहे.

आघात कशाला म्हणावे

आपल्या किंवा आपल्या माणसाच्या जिवावर बेतणे, शरीराची किंवा अब्रूची विटंबना होणे, अथवा तसे डोळ्यांसमोर घडताना पाहणे आणि त्या क्षणी काहीही करता न येणे, अशा अनुभवातून मानसिक आघात होतो. २०१४ च्या जुलैत माळीणवर आणि २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीवर कोसळलेली दरड, ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलमध्ये झालेले स्फोट, रस्त्यावरचा अपघात, लैंगिक अत्याचार, घरातली मारहाण, घरातल्या कर्त्या माणसाची आत्महत्या हे सगळे त्यात येते. नोकरी जाणे किंवा ठरलेले लग्न मोडणे हेही दुःखदायकच असते, मात्र प्रत्येक दुःखाला आघात म्हटले तर खऱ्या आघाताकडे दुर्लक्ष होते.

एकाच घटनेतून गेलेली दोन माणसे सारखी वागत नाहीत. बहुतेक जण काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप सावरतात. ज्यांना सावरता येत नाही ती माणसे मनाने दुबळी असतात, हा समज चुकीचा आहे. घटना पुन्हा पुन्हा घडली असेल, ती निसर्गाने नव्हे तर माणसाने घडवली असेल, ते माणूस विश्वासातले असेल, किंवा सोसणारे वय लहान असेल, तर परिणाम खोल जातो. आणखी एक कारण आहे आणि घरच्यांच्या हातात असलेले तेवढेच एक आहे: घटनेनंतर त्या माणसाला आधार मिळाला की बोल लागला. लैंगिक अत्याचाराविषयी धीर करून सांगणाऱ्या मुलीला ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ असे विचारले गेले, तर तो प्रश्न तिच्या मनावरचा दुसरा आघात ठरतो.

शरीरात काय घडते

जिवावर बेतते तेव्हा मेंदूतला अमिग्डाला हा भाग विचार करायला वेळ न देता शरीराला सावध करतो. अॅड्रिनॅलिन वाढते, छाती धडधडते, स्नायू ताठ होतात. माणूस प्रतिकार करतो, पळतो किंवा जागच्या जागी थिजतो. या तिसऱ्या प्रतिक्रियेविषयी मला विशेष सांगावेसे वाटते, कारण तिच्याविषयीच्या अज्ञानाने आपल्याकडे फार अन्याय होतो. भीती पराकोटीला गेल्यावर आवाज फुटत नाही, हातपाय हलत नाहीत, आणि हे त्या व्यक्तीच्या इच्छेवर अवलंबून नसते. ‘ओरडली का नाहीस?’ किंवा ‘एवढा धडधाकट माणूस, जागेवरून हललाही नाहीस?’ असे प्रश्न ज्यांना विचारले जातात, ती माणसे स्वतःलाही तेच विचारत वर्षे काढतात. त्यांना कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे की ते थिजणे म्हणजे संमती नव्हती आणि भ्याडपणाही नव्हता.

अशा वेळी स्मृतीही नेहमीसारखी साठत नाही. घटना कोणत्या काळातली, कोणत्या ठिकाणची, हा संदर्भ जोडण्याचे काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग करतो आणि तीव्र ताणात त्या कामात बिघाड होतो. परिणामी आठवण सलग न राहता वास, आवाज, स्पर्श अशा तुकड्यांत राहते, आणि पुढे तसाच एखादा वास किंवा आवाज आला की ती घटना होऊन गेली असे न वाटता आत्ता होत आहे असे वाटते. पोलिसांना किंवा घरच्यांना हकिगत सांगताना क्रम चुकला, मधला भाग आठवला नाही, तर केवळ त्यावरून ते माणूस खोटे बोलते असे ठरवू नये.

भावनांमधले बदल कसे ओळखावेत

वैद्यकीय जगाने या अवस्थेला आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, हे स्वतंत्र निदान १९८० मध्ये दिले. त्याची मुख्य लक्षणे तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार घटना पुन्हा जगण्याचा: दुःस्वप्ने, नको असताना घुसणारी दृश्ये. दुसरा टाळण्याचा: ती वाट, ते कपडे, तो विषय, ते नातेवाईक. तिसरा सतत धोका जाणवण्याचा: दार दोनदोनदा तपासणे, पाठ भिंतीला लावून बसणे, मागून कोणी हाक मारली की काळजात धस्स होणे. त्यांच्या जोडीला बहुधा एक बधिरपणा येतो आणि घरच्यांना तोच सर्वात जास्त दुखावतो, कारण मुलीच्या लग्नातही ज्याचा चेहरा हलत नाही त्याला आपल्याविषयी मायाच उरली नाही, असे त्यांना वाटते.

अपराधीपणाही ओळखायला शिकावे लागते. ढिगाऱ्यातून दोन मुलांपैकी एकालाच बाहेर काढता आलेली आई पुढे आयुष्यभर स्वतःला दोष देऊ शकते, वाचलेल्या मुलाला जवळ घेताना अवघडू शकते किंवा त्याला नजरेआड होऊ देत नाही. तिच्या या वागण्यामागे काय आहे हे घरात कोणी बोललेच नाही, तर ते मूल स्वतःच त्याचा अर्थ लावते आणि तो अर्थ बहुधा ‘मी आईला नकोसा आहे’ असा असतो.

आपल्याकडे मनाचे दुखणे पुष्कळदा शरीराच्या भाषेत सांगितले जाते. जीव घाबरा होतो, डोके जड होते, हातापायांना मुंग्या येतात, अन्न घशाखाली उतरत नाही अशा तक्रारी घेऊन माणूस दवाखान्यात जातो, ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या नॉर्मल येतात आणि घरी ‘काही झालेले नाही, सगळे मनाचे खेळ आहेत’ असे म्हटले जाते. तपासण्या जरूर कराव्यात. त्या नॉर्मल आल्या तर आपण डॉक्टरांना मागच्या घटनेविषयी सांगितले आहे का, हे मात्र स्वतःला विचारावे. माणूस बोलता बोलता हरवतो, शून्यात पाहत राहतो किंवा वेगळ्याच आवाजात बोलतो, तेव्हा ‘बाहेरचे काही’ असल्याची शंका काही घरांत घेतली जाते. देवाधर्माने कोणाला धीर मिळत असेल तर त्याला माझा विरोध नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, चटके देणे, कोंडणे हा मात्र आघात झालेल्या माणसावरचा नवा आघात आहे आणि महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असे अघोरी प्रकार गुन्हा ठरवलेले आहेत.

नात्यांमध्ये काय बदलते

पती-पत्नीमध्ये पहिला परिणाम स्पर्शावर होतो. अत्याचार सोसलेल्या स्त्रीला नवऱ्याचा मायेचा स्पर्शही अचानक नकोसा वाटतो, आणि तिलाही त्याचे कारण सांगता येत नाही. नवरा ते नाकारले जाणे समजतो, रुसतो, दूर झोपू लागतो, आणि तिच्या मनातली ‘आता मी कोणाच्याच कामाची नाही’ ही भावना पक्की होते. दोघांपैकी कोणाचीही चूक नसताना अंतर वाढत जाते. यावर करण्याजोगी साधी गोष्ट ही की स्पर्शाआधी विचारावे, मागून येऊन मिठी मारू नये, नकार मिळाला तर त्याचा हिशेब मनात ठेवू नये, आणि जवळ बसणे, एकत्र चालायला जाणे यांसारखी अपेक्षा नसलेली जवळीक चालू ठेवावी.

लहानपणी घरातल्याच माणसाकडून दीर्घकाळ मारहाण, अत्याचार किंवा उपेक्षा सोसलेल्यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची असते. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात त्यासाठी जटिल आघातोत्तर तणाव विकार असे वेगळे निदान आहे. वर सांगितलेल्या तीन प्रकारच्या लक्षणांशिवाय त्यात भावना आवरता न येणे, स्वतःला कवडीमोलाचे समजणे आणि जवळची नाती टिकवता न येणे या अडचणी येतात. अशी व्यक्ती कोणी जवळ आले की घाबरते आणि दूर गेले की त्याहून जास्त घाबरते. म्हणून ती भांडून माणसाला तोडते आणि लगेच विनवण्याही करते. काही जण याच्या उलट, कोणालाही कधीच ‘नाही’ म्हणत नाहीत, सासरी-माहेरी सगळ्यांचे करत राहतात, आणि घरातले त्यांना गुणी म्हणून वाखाणतात. १९९८ मध्ये अमेरिकेत १७ हजारांहून अधिक प्रौढांविषयीच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. बालपणीचे असे अनुभव जितके जास्त, तितके पुढच्या वयात नैराश्य, व्यसन, आत्महत्येचे प्रयत्न, इतकेच काय हृदयविकाराचेही प्रमाण जास्त, असे त्यातून पुढे आले.

मुलांमध्ये ही लक्षणे निराळी दिसतात. सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, मूल आईचा पदर सोडत नाही, खेळात तीच घटना पुन्हा पुन्हा करते, अभ्यासात मागे पडते. त्याला रागावू नये. काय घडले ते त्याच्या वयाला समजेल इतके खरे सांगावे. ‘बाबा गावाला गेलेत’ अशी खोटी समजूत घालू नये.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायलाच हवी. आघातामुळे माणूस का चिडतो हे समजणे आणि त्याची मारहाण सोसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नवरा कितीही भयंकर अनुभवातून गेलेला असला तरी बायकोने आणि मुलांनी मार खाणे हा त्याच्या उपचाराचा भाग होऊ शकत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. आधी सुरक्षित व्हावे, मग समजून घेण्याचा विचार करावा.

पहिल्या काही दिवसांत काय करावे

घटना ताजी असताना उपदेशापेक्षा व्यवस्था महत्त्वाची असते. सुरक्षित जागा, कोरडे कपडे, गरम जेवण, आपल्या माणसांशी भेट आणि पुढे काय होणार याची खरी माहिती एवढे मिळाले तरी मन बरेच स्थिर होते. जागतिक आरोग्य संघटनेचे मानसिक प्रथमोपचाराचे सूत्र ‘पाहा, ऐका, जोडून द्या’ असे आहे: कोणाला तातडीची गरज आहे ते पाहावे, बोलायचे असेल ते ऐकावे आणि लागणाऱ्या मदतीशी जोडून द्यावे. ‘सगळे बोलून टाक म्हणजे मोकळे वाटेल’ असा आग्रह मात्र धरू नये. घटनेनंतर लगेचच सगळ्यांकडून एकदाच हकिगत वदवून घेण्याच्या पद्धतीचा फायदा दिसला नाही आणि काहींना त्रासच झाला, म्हणून आता तिची शिफारस केली जात नाही. कॅमेरे घेऊन येणाऱ्या लोकांनाही घरच्यांनी दारातच थांबवावे.

‘झाले गेले विसरून जा’, ‘तुझ्याहून वाईट झालेली माणसे आहेत’, ‘आता तूच खंबीर व्हायला हवेस’ ही वाक्ये चांगल्या हेतूने उच्चारली जातात, पण ऐकणाऱ्याला गप्प करतात. त्याऐवजी ‘मी इथेच आहे’, ‘सांगावेसे वाटेल तेव्हा सांग, नाही सांगितलेस तरी चालेल’, ‘यात तुझा दोष नाही’ असे म्हणावे. वडीलधाऱ्यांना थेट मनाविषयी विचारलेले अवघड वाटते. ‘काका, रात्री झोप लागते का? जेवण जाते का?’ असे विचारले तर ते बोलू लागतात.

शेजारही उपचाराचाच भाग असतो. किल्लारीच्या पुनर्वसनात बरीच गावे रुंद, सरळ रस्त्यांच्या आखणीवर नव्या जागी वसवली गेली, घरे एकमेकांपासून लांब गेली आणि गल्लीतला जुना शेजार विखुरला. भूकंपात टिकणारी घरे आवश्यकच होती. पण सावरण्यासाठी लागणारी माणसांची जवळीक आराखड्यात बसली नाही. स्थलांतरित कुटुंबाला मदत करणाऱ्यांनी म्हणूनच जुने शेजारी शक्यतो एकत्र ठेवावेत.

रोजच्या घरात

दोन आठवडे एक वही ठेवावी. चिडणे, थिजणे, रडणे केव्हा झाले, त्याआधी काय घडले होते, किती वेळ टिकले, कशाने शांत झाले हे लिहावे. ही वही त्या माणसाला न लपवता, त्याच्याच सोबतीने भरावी, नाहीतर ती पाळत वाटते. काही दिवसांत दिसू लागते की संताप वाटेल तेव्हा येत नाही. फटाके, रॉकेलचा वास, अंधार, पावसाची झड, बंद दार असे काहीतरी त्याआधी असते. मग दिवा लावून झोपणे किंवा फटाक्यांच्या रात्री दुसरीकडे जाणे असे छोटे उपाय करता येतात. ठरावीक तारीख, ऋतू किंवा सण जवळ आला की त्रास वाढतो, हेही वहीतून कळते आणि त्या दिवसांची तयारी आधी करता येते.

घटना पुन्हा घडत असल्यासारखे वाटू लागले तर समोर जाऊन, थोडे अंतर राखून, शांत आवाजात नाव घ्यावे. ‘तुम्ही आपल्या घरी आहात, आज अमुक वार आहे, मी तुमची सुनंदा’ असे सांगावे. दिवा लावावा, पाय जमिनीवर टेकवायला सांगावे, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे विचारावीत, श्वास सावकाश सोडायला सांगावे. विचारल्याशिवाय धरू नये, हलवू नये. भांडण वाढू लागले तर दोघांनी आधीच ठरवलेली खूण करून थांबावे, पण थांबताना ‘अर्ध्या तासाने पुन्हा बोलू’ असे सांगून खरोखर परत यावे, कारण न सांगता निघून जाणे हे आघात झालेल्या माणसाला सोडून जाण्यासारखेच वाटते.

तज्ज्ञांकडे केव्हा आणि कोणाकडे जावे

लक्षणे महिन्याहून अधिक टिकली, कामधंदा किंवा शाळा बंद पडली, झोपेसाठी दारू लागू लागली, तर थांबू नये. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली तर त्याच दिवशी मदत घ्यावी. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट विचारल्याने माणूस बोलतो. शेतकरी घरांत कीटकनाशके कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवावीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, म्हणून पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नयेत.

औषधे मनोविकारतज्ज्ञ लिहून देतात. बोलण्याचे उपचार प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ करतात. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाविषयी विचारावे. त्याशिवाय पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि गोव्यात बांबोळी येथे सरकारी मानसोपचार संस्था आहे. पहिल्या भेटीत ‘आघातावर उपचार करण्याचे प्रशिक्षण आपण घेतले आहे का?’ असे विचारण्यात काहीही गैर नाही. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचार (घटनेविषयीचे विचार आणि वागणे तपासून बदलण्याचा बोलण्याचा उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांची ठरावीक हालचाल करत आठवणींवर काम करण्याची पद्धत) या पद्धतींचा उपयोग चांगला सिद्ध झालेला आहे. साधारण ८ ते १६ सत्रे लागतात, जटिल आघातात बरीच जास्त. आठवणींना हात घातल्यावर मधल्या काही आठवड्यांत त्रास वाढल्यासारखा वाटतो आणि नेमके तेव्हाच उपचार सोडले जातात. त्या आठवड्यांत घरच्यांनी सत्राला सोबत जावे. सर्ट्रालीनसारख्या नैराश्यविरोधी औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती मनाने बंद करू नयेत. झोपेच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत. त्यांची सवय लागते आणि आघाताच्या मूळ लक्षणांवर त्यांचा उपयोग होत नाही.

काळजी घेणाऱ्यालाही हे सगळे ऐकून, रात्री जागून त्रास होतो. त्याची झोप उडते, त्यालाही भीतीची स्वप्ने पडू लागतात. घरातल्या एकाच बाईवर किंवा मोठ्या मुलीवर हे काम टाकू नये. रात्रीची पाळी वाटून घ्यावी, आठवड्यातून एक दिवस तिला घराबाहेर पडता यावे, आणि तिलाच बोलायची गरज वाटली तर १४४१६ हा क्रमांक रुग्णाइतकाच तिच्यासाठीही आहे.